कानफाटीची पिल्लं

माझ्या मोठ्या जाऊबाई उंदीर सांभाळायच्या. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे मारायच्या ना? अहो नाही, सांभाळायच्या. एकवीस वर्षं. संशोधन केंद्राच्या तळमजल्यावर सातव्या खोलीत नऊशे काळे उंदीर त्यांच्या हाताखाली होते, आणि त्यातला एकेक माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त लाडात वाढत होता.

केंद्रात त्यांना सगळे दाई म्हणायचे आणि मला भट्टी. एक तर मी पिंजरे धुण्याच्या खोलीत, वाफेच्या भट्टीशेजारी उभी असे, आणि दुसरं म्हणजे माझं डोकं पटकन तापतं. ही नोकरी मला जाऊबाईंनीच लावून दिलेली. सासूबाई ते आठवड्यातून एकदा तरी ऐकवायच्याच. "मोठी नसती तर तू काय केलं असतंस?" काय केलं असतं? सुखाने घरी झोपले असते! पण तोंडावर बोलायची सोय नव्हती. मोठे भाऊजी गुडघ्यांमुळे कायमचे घरी बसलेले, आणि घर जाऊबाईंच्या नोकरीवर चाललेलं.

सातव्या खोलीत शिरणं सोपं नव्हतं. बाहेरचे कपडे उतरवायचे, डोक्यावरून आंघोळ करायची, मग आतला गाऊन, टोपी, मास्क, हातमोज्यांचे दोन जोड. खाणं, पाणी, भुसा, सगळं वाफेतून गेलेलं. आणि सगळ्यात कडक नियम हा की बाहेर कुठे उंदराला हात लागला, तर पाच दिवस खोलीत पाय ठेवायचा नाही. घरच्या उंदरांचे रोग आतल्यांना झाले की संपलंच.

खोलीत दोन मांडण्या होत्या. डावीकडे साधे उंदीर, उजवीकडे राखणदार नसलेले. हा शब्द जाऊबाईंचा. आपल्या रक्तात रोगाला ओळखून धरणारं काहीतरी असतं, ते त्या उजवीकडच्यांच्यात जन्मापासूनच नसे. मुद्दाम तसे वाढवलेले, औषधांच्या अभ्यासासाठी. दिसायला दोन्हीकडचे सारखेच काळेभोर. पिंजऱ्यावरचं कार्ड वाचल्याशिवाय कुणाला फरक कळला नसता.

आता त्यांना दाई का म्हणायचे ते सांगते. उंदरीण पहिलटकरीण असली की कधीकधी पिल्लांना जवळच घेत नाही. पिल्लं म्हणजे काय, बोटाच्या पेराएवढी, गुलाबी, बिनकेसांची. कातडी इतकी पातळ की पोटात दूध गेलं की बाहेरून पांढरा ठिपका दिसतो. ठिपका दिसला तर पिल्लू जगेल. नाही दिसला तर संध्याकाळपर्यंत खेळ खलास. नियम असा की अशी उपाशी पिल्लं नोंदवायची आणि संपवायची. दुसऱ्या मांडणीतल्या आईला लावायची नाहीत म्हणजे नाहीत. जाऊबाई वर्षानुवर्षं पिल्लं जगवायच्या ती त्याच मांडणीतल्या दुसऱ्या आईला लावून, साहेबांची सही घेऊन. त्यावरून दाई हे नाव.

पण त्या वर्षी उजव्या मांडणीत एक कानफाटी होती. कानाला खूण म्हणून पाडलेलं भोक फाटून कान दोन फाकांत लोंबत होता, म्हणून कानफाटी. तशी उंदरीण मी परत पाहिली नाही. कुणाचंही पिल्लू द्या, ती ओढून पोटाखाली घ्यायची. दर महिन्याला तिची स्वतःची वीणही व्हायची, त्यामुळे दूध कायम. आणि जाऊबाईंचा जीव तिच्यावर जडला. डावीकडची पिल्लं उपाशी राहिली आणि डावीकडे कुणी घेईना, की त्या हळूच ती मुठीत घ्यायच्या, कानफाटीच्या पिंजऱ्यातल्या भुशात घोळवायच्या, म्हणजे परका वास जावा, आणि तिच्या पिल्लांत सोडून द्यायच्या. एकवीस दिवसांनी दूध सुटलं की परत डावीकडे, आपापल्या आईच्या पिंजऱ्यात. कार्डावर खोटं एक अक्षर नाही. आई तीच, बाप तोच, जन्मतारीख तीच. फक्त दूध कुणाचं प्यायली, ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

मला हे कसं माहीत? धुतलेले पिंजरे आत सरकवायला भिंतीत एक खिडकी होती, काचेची. मी त्या काचेपाशी उभी राहून बघायची. त्यांची पाठ माझ्याकडे असायची, त्यांना कळायचं नाही. एकेक पिल्लू उचलून दिव्याकडे धरायच्या, पोटात ठिपका दिसला की मान हलवायच्या, जणू कुणी घरातलंच जेवून उठलंय. मी तापट आहे, तोंडाळ आहे, पण ते बघताना मला आतून बरं वाटायचं. कुणाला सांगावं असं मनातसुद्धा आलं नाही.

पहिली मेली ती कानफाटीच. पाठीला बाक आला, केस विस्कटले, आणि श्वास घेताना टक टक आवाज यायला लागला. मी भट्टी बंद करून गेले तर तो काचेबाहेर ऐकू येत होता. डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे आमच्या केंद्राच्या जनावरांच्या डॉक्टरनी, तिला उघडलं तेव्हा छातीत सुपारीएवढी गाठ निघाली. एवढ्याशा जिवात सुपारी! म्हातारी झाली होती, होतं असं, त्या म्हणाल्या. जाऊबाई आंघोळीच्या खोलीत नळ सोडून रडल्या.

मग तिच्या मुली गेल्या. मग उजवीकडची अख्खी तिसरी ओळ. प्रत्येकीच्या गळ्याखाली, काखेत, छातीत गाठी. तरी लोक म्हणत होते, उजवीकडचे नाजूकच. मग एका सकाळी डावीकडून टक टक आवाज आला आणि माझ्या हातातला पिंजरा तसाच राहिला. धडधाकट, राखणदार असलेल्या उंदरांतून. सगळ्या डावीकडून नाही, इथे एक पिंजरा, तिथे एक, मधले ठणठणीत. कुणीतरी रात्रंदिवस बोट ठेवून निवडत असल्यासारखं.

खोली बंद झाली. हवेच्या जाळ्या काढून तपासल्या, खाण्याची पोती तपासली, पाणी तपासलं, भुसा तपासला. काही सापडेना. साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "भिंतीतून उगवलं नाही ना हे? कुणीतरी बाहेरून आणलंय." आणि मग नजर माणसांवर आली.

डॉक्टरीणबाईंनी एकेकाला बोलावून विचारलं, गेल्या वर्षात घरी-बाहेर उंदराला हात लावलात का? माझी पाळी आली त्या दिवशी सकाळी घरात महाभारत झालं होतं. ओल्या टॉवेलवरून. सासूबाई म्हणाल्या, "मोठीकडून शिक काहीतरी." नेहमीचंच, पण त्या दिवशी डोक्यात गेलं. बाईंनी प्रश्न विचारला आणि माझ्या तोंडातून निघून गेलं.

"आमच्या माळ्यावर घरटं निघालं होतं. जाऊबाईंनी हाताने काढलं. आणि दुसऱ्या दिवशी कामावर आल्या."

बोलले आणि जीभ चावली. पण बाण सुटला होता.

जाऊबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी लपवलं नाही. "हो, काढलं. कुणी हात लावेना. दोनदा आंघोळ केली आणि आले. तीन पिंजऱ्यांत वीण व्हायची होती." नियमाप्रमाणे पाच दिवस घरी बसायला हवं होतं. संपलं. चौकशी होईपर्यंत त्यांना खोलीतून काढून भुशाच्या गोदामात टाकलं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. चौकशीत दोष ठरला तर निवृत्ती नाही, सरळ हकालपट्टी.

लोक कसे असतात! काल दाई दाई करणारे आज त्यांच्या शेजारी डबा उघडेनात. जणू गाठी त्यांच्या पदरातून उडणार होत्या. आणि जाऊबाई कुणावर रागवेनात. घरी जेवताना घास हातात धरून बसायच्या. "माझ्या हातांनी आणलं गं," म्हणायच्या. सासूबाई मला खुणावायच्या, काहीतरी बोल. मी काय बोलणार? कुणी सांगितलं हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मीही ब्र काढला नाही. रात्री नवऱ्याला सांगायला गेले तर तो घोरत होता, तेही बरंच झालं.

दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाई स्वतः गोदामात आल्या. मी तिथे पोती मोजून घ्यायला गेले होते. बाईंचा चेहरा उजळलेला, पण डोळे थकलेले.

"दाई, तुम्ही काही आणलं नाहीत," त्या म्हणाल्या. "कुणीच आणलं नाही. ते आतच होतं."

"खोलीत?"

"उंदरांत."

मग त्यांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. लाखो वर्षांपूर्वी कधीतरी उंदरांच्या पूर्वजांना विषाणू झाले. त्यातले काही असे चिकट, की त्यांनी स्वतःची नक्कल उंदराच्या बीजातच लिहून ठेवली. तेव्हापासून आई-बापाकडून पिल्लाला नाक-डोळे मिळतात, तसे हे तुकडेही मिळतात. बहुतेक मोडके, म्हणून निरुपद्रवी. एकाचं वरचं पान फाटलेलं, एकाचं खालचं.

"मग?" मी विचारलं.

"झेरॉक्स काढताना मशिनमध्ये दोन फाटके कागद एकावर एक सरकले, तर? वरचं अर्धं एकाचं, खालचं अर्धं दुसऱ्याचं. बाहेर येतो तो कागद अख्खा. ह्या विषाणूंची नक्कल होताना तसं घडतं. साध्या उंदरात घडलं तरी राखणदार बहुधा वेळीच धरतात. उजव्या मांडणीत धरणारं कुणी नव्हतं. मेलेले दोन तुकडे जुळले, जिवंत विषाणू तयार झाला, आणि त्याने गाठी केल्या."

जाऊबाईंनी स्वतःचे हात वळवून पाहिले. मला इतकं मोकळं वाटलं म्हणून सांगू, तिथेच नाचावंसं वाटलं. माझ्या चहाडीचं पाप धुतलं गेलं होतं ना! मी थट्टेने विचारलं, "बाई, आपल्यातही असतील का हो असे तुकडे?"

"आहेत की. खूप आहेत," त्या म्हणाल्या. "आपले अजून असे जुळून जिवंत झालेले कुणी पाहिले नाहीत."

ते 'अजून' मला आवडलं नाही.

"एकाच गोष्टीचा उलगडा होत नाही," बाई निघता निघता म्हणाल्या. "डावीकडच्यांत हे वेगळं जुळलं असतं तर जोड वेगळ्या जागी पडला असता. पण डावीकडच्या प्रत्येक उंदरात तोच जोड आहे, त्याच जागी, कानफाटीत होता तोच. म्हणजे तो तिच्यात जुळला आणि तिच्यापासून तिकडे गेला. कसा गेला? हवेतून हा पसरत नाही. आईच्या दुधातून पसरतो, तेव्हा पिल्लाचे राखणदार अजून जागे झालेले नसतात. आणि ती काही त्यांची आई नाही, कार्डं आहेत माझ्याकडे."

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पोत्यासारखा झाला होता.

बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. दोन थांबे गेल्यावर म्हणाल्या, "माझ्याच हातून गेलं. मी डावीकडची पिल्लं कानफाटीला लावत होते. तुला माहीत नाही."

मी नजर चुकवली. "गप्प बसा हो तुम्ही," मी म्हटलं. "डोकं फिरलंय का? आत्ता कुठे सुटलात! खोलीतले सगळे उंदीर तसेही परवा मारणार आहेत. कुणाला काय कळणार आहे?"

"सगळे खोलीत नाहीत," त्या म्हणाल्या.

आणि मग मला आठवलं. आठ महिन्यांपूर्वी डावीकडच्या सहा माद्या एका पेटीत घालून दुसऱ्या शहरातल्या केंद्रात पाठवल्या होत्या. पैदाशीसाठी. पेटी मीच वाफवली होती. वर डॉक्टरीणबाईंच्या सहीचं 'निरोगी' असं पत्र.

"त्यातल्या चार कानफाटीच्या दुधावरच्या," जाऊबाई म्हणाल्या. "त्यांना पिल्लं झाली असतील. पिल्लांनाही झाली असतील. सगळी दुधावर असतील."

घरी गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही ठेवली आणि मला पेन दिलं. डोळे मिटून सांगायला लागल्या. कुठली वीण, कुठला पिंजरा, किती पिल्लं, कुणाच्या कुठल्या कानाला किती भोकं. नऊ विणी. त्रेपन्न पिल्लं. एकही विसरल्या नाहीत. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अगं, पण तू तर त्यांना जगवलंस ना?" जाऊबाईंनी डोळे उघडले नाहीत. "दूध पाजलं, आई," म्हणाल्या. "ठिपका दिसला की मला वाटायचं, जगलं."

मी पेन आपटलं. "हे नेऊन दिलंत तर काय होईल कळतंय का? बारा महिने राहिलेत. भाऊजींचं काय? ह्या घराचं काय?"

"पुढचं लिही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वहीतला तो कागद डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी वाचला, परत वाचला. फोन उचलला. आम्ही दोघी समोर उभ्या. पलीकडून कुणीतरी आनंदाने सांगत होतं की माद्या फार छान आहेत, भरपूर पिल्लं देतात, त्यांच्या मुली आणखी चार केंद्रांना दिल्या. मग बाईंनी काहीतरी विचारलं आणि पलीकडचा आवाज हळू झाला.

फोन ठेवून बाई म्हणाल्या, "ह्याच माद्यांच्या पिल्लांवर तिथे लहान मुलांच्या रक्ताच्या आजारावरचं औषध तपासत होते. औषध दिलेल्या उंदरांना गाठी आल्या, म्हणून गेल्या महिन्यात ते औषध बंद केलं. त्यांना वाटलं, औषधानेच आल्या."

"आणि त्या चार केंद्रांत?" जाऊबाईंनी विचारलं.

"शोधावं लागेल. किती पिढ्या झाल्या, कुठे कुठे गेल्या, कुणास ठाऊक. ह्या कागदाशिवाय ते कुणाला कधी कळलंच नसतं, दाई."

साहेबांनी त्याच दुपारी जाऊबाईंना काढून टाकलं. ओळखपत्र मागताना साहेब त्यांच्याकडे बघत नव्हते, एवढं खरं. पण काढलं. एकवीस वर्षांचं सामान एका पिशवीत मावलं. चपला, कंगवा, आंघोळीचा साबण.

मीही अर्धी रजा टाकून त्यांच्याबरोबर घरी आले. सासूबाई भाऊजींना औषध द्यायला आत गेलेल्या. आम्ही दोघीच स्वयंपाकघरात. मला आता राहवेना. एवढं सगळं त्यांनी कबूल केलं आणि माझा एक शब्द अजून माझ्या पोटातच होता.

"जाऊबाई, माळ्याचं मीच सांगितलं होतं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "माळ्याखाली शिडी तूच धरली होतीस. दुसरं कोण सांगणार?"

"मग बोलला का नाहीत? दोन कानाखाली तरी द्यायच्या होत्यात!"

त्या हसल्या, थकून. "काय बोलणार? जे पाहिलंस ते जाऊन सांगितलंस. त्यात काय चूक?" मग पिशवीतून साबण काढून त्यांनी मोरीत ठेवला आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "मला वाटतं, कानफाटीजवळ पिल्लं ठेवायचे, तेव्हा पहिल्याच वेळी कुणी बघायला हवं होतं गं. आणि असंच जाऊन सांगायला हवं होतं. मी चिडले असते, रडले असते. पण तिथेच थांबलं असतं सगळं."

नऊ विणींपैकी सात वेळा मी त्या काचेपाशी उभी होते.

"हो ना," मी म्हटलं, आणि भांडी घासायला घेतली.